तीस चुंग, तीस दोरे

राईस मिलमध्ये दोन गोष्टी न मागता साचतात. एक भुसा, दुसरे किस्से. भुसा न्यायला निदान ट्रक तरी येतो. किस्से माझ्याच डोक्यात पडून आहेत, ते आज मी खाली करणार. ऐकायचे तर ऐका, नाही तर चहा प्या.

मी गोंदियाजवळच्या एका मिलमध्ये सॅम्पल तपासते. तुटका दाणा किती, ओलावा किती, हे सांगायचं आणि सगळ्यांच्या नजरेत वाईट व्हायचं, असं काम आहे. मेसमध्ये आमचा बाक ठरलेला. सेवकराम गोरेगावकडचा पोवार, तांदूळ निवडायचं सॉर्टर मशीन चालवतो आणि त्याहून जास्त तोंड चालवतो. फुलवंता चिचगडची गोंड बाई, धान वाळवायच्या ओट्यावर असते, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलते. बिसाहू छत्तीसगडचा, हाताने पोती शिवतो. आणि चेनबाबू.

चेनबाबू आमचा फिटर, कलकत्त्याचा चिनी. पणजोबा तिकडून आले, बाकी सगळे इथेच जन्मले. हिंदी बोलतो बंगाल्यासारखी, मशीनशी बोलतो चिनीत. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "आप चायना से?" चेनबाबू शांतपणे म्हणतो, "नहीं, हावड़ा से. आप?"

*

त्यांचं नवं वर्ष आपल्या संक्रांतीनंतर कधीतरी येतं. त्या दिवशी करंजीसारखे डंपलिंग उकडायचे. मिलमालक शेठजींच्या मेसमध्ये मांसमच्छी बंद, म्हणून आमच्या डंपलिंगमध्ये पत्ताकोबी. एकातच एक शेंगदाणा लपवायचा. ज्याच्या दाताखाली तो येईल, त्याचं वर्ष चांगलं जाणार.

बिसाहूला चांगलं वर्ष हवंच होतं. त्याने बावीस खाल्ले. आम्ही आमच्या ताटातले त्याला दिले. भांडं रिकामं झालं, शेंगदाणा काही निघेना. मग मला आठवलं, भरायचं काम सेवकरामकडे होतं.

"का गा सेवकराम, दाना टाकला होता न?"

"मंग? टाकाच्या आंधी चाखून पायलो, खवट त नाई म्हून."

चेनबाबूने त्याला दाणा एकच दिला होता. त्या वर्षी बिसाहूची सायकल कितीदा तरी पंक्चर झाली. दर वेळी तो सेवकरामकडे बघायचा.

*

भाद्रपदाच्या पौर्णिमेच्या आसपास त्यांचा चंद्राचा सण असतो. तेव्हा चेनबाबूची बहीण कलकत्त्याहून मूनकेक पाठवते. गोल, जड, वर चिनी अक्षरांचा ठसा उमटवलेला, आत गोड सारण. काहींत अंड्याचा बलक असतो, म्हणून चेनबाबूने शेठजींसाठी साध्या डाळीचा वेगळा मागवला आणि स्वतः नेऊन दिला.

आठवड्याने मी सही घ्यायला केबिनमध्ये गेले, तर केक देव्हाऱ्यात. त्याला हळदीकुंकू वाहिलेलं.

"शेठजी, वो खाने का है."

"अक्षर लिखी हुई चीज़ कोई खाता है क्या?" शेठजी म्हणाले.

मुंग्या लागेपर्यंत त्याची रोज पूजा झाली. चेनबाबूने आईला फोनवर हे सांगितलं, तर तिने शेठजींबद्दल चांगलं मत करून घेतलं.

*

जूनमध्ये त्यांचा होड्यांच्या शर्यतीचा सण. त्याला चुंग लागतात. चिकट तांदूळ आणि मूगडाळ पानात गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची आणि चार तास उकडायची. चेनबाबूची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ती दरवर्षी तीस चुंग हावड्याच्या गाडीने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायची.

पहिल्या वर्षी बिसाहूने खिशातून चाकू काढला, तर चेनबाबूने त्याचा हात धरला. "काटना नहीं, खोलना. धागा माँ को वापस जाता है."

म्हणजे दोरे सोडायचे, धुवायचे, गुंडाळायचे आणि परत पाठवायचे. आम्ही हसलो. एका दोऱ्याने फुलवंताने केस बांधले, एकाने बिसाहूने जेवणाचा डबा. अठ्ठावीस परत गेले.

पुढच्या जूनमध्ये डबा आला. चुंग अठ्ठावीस. चिठ्ठी नाही, फोन नाही.

फुलवंताने तिथल्या तिथे केस सोडले. दोरा धुऊन चेनबाबूच्या हातात दिला. बिसाहूनेही डब्याचा सोडला. सगळे तीस परत गेले, आणि त्यानंतरच्या वर्षी चुंगही तीस आले. तेव्हापासून आमच्या मेसमध्ये जेवण झालं की आधी दोरे मोजतात, मग हात धुतात.

*

यंदा मे महिन्यात चेनबाबू गप्प झाला. मशीनशीही बोलेना.

"काऊन गा, मशीनवर रुसला का?" सेवकरामने विचारलं.

तेव्हा कळलं. आईचे हात आता थरथरतात, गाठ बसत नाही. बहिणीचं पार्लर आहे, तिला भुवया कोरता येतात, चुंग बांधता येत नाही. आईने मोठं पातेलं माळ्यावर चढवायला लावलं आणि म्हणाली, संपलं आता.

"चौरासी साल में एक बार नहीं छूटा," चेनबाबू म्हणाला. "इस साल माँ चुंग नहीं खाएगी." आणि त्याचे डोळे भरून आले.

मला रडणारे पुरुष पाहवत नाहीत. मी चिडले. म्हटलं, "मग आपण करून पाठवू. एवढे हात या बाकावर काय फक्त जेवायला बसतात?"

बोलून बसले खरी.

*

बहिणीने पाच किलो चिकट तांदूळ पाठवला. म्हातारीला जायचा माल म्हणजे एक नंबर पाहिजे, असं सेवकरामला वाटलं. त्याने कोणाला न विचारता तो सॉर्टरमध्ये ओतला.

आता आमचं मशीन काचेसारखा दाणा ठेवतं आणि खडूसारखा पांढरा दाणा फुंकून बाहेर टाकतं. चिकट तांदूळ असतोच खडूसारखा, सगळाच्या सगळा. सेवकराम चांगल्या मालाच्या तोंडाशी टोपलं धरून उभा. एक दाणा पडला नाही. पाचही किलो मागे रिजेक्टच्या ढिगात, काळ्या-पिवळ्या दाण्यांत.

"मशीन बिघडली वाटते," सेवकराम म्हणाला.

"मशीन ठीक है," चेनबाबू म्हणाला.

मग दोन दुपारी जेवणानंतर आम्ही पाचही जण सुपं घेऊन बसलो. आयुष्यभर चांगल्यातून वाईट काढलं, आता रिजेक्टमधून चांगलं वेचत होतो. फुलवंताचं सूप भरायचं तेव्हा सेवकरामची मूठ भरायची. पण तो पहिल्यांदाच दोन तास तोंड बंद ठेवून बसला, त्याचं मला कौतुक वाटलं.

पानांवरून वेगळं झालं. चेनबाबू म्हणे, पान बांबूचंच पाहिजे. फुलवंताने कुंपणाचं बांबूचं पान तोडून आणलं, त्याच्यापुढे धरलं. "यात माहं बोट बी नाई मावत."

रविवारी ती गावी गेली आणि पत्रावळीची माहुलाची पानं गाठोडं भरून आणली. चेनबाबूने एक हुंगलं, दुमडलं, उलटं करून पाहिलं, आणि पुढे बांबूचं नाव काढलं नाही.

*

खरी अडचण बिसाहूची झाली. त्याला अभिमान कशाचा, तर, "मोर गांठ छुरी बिना नइ खुले." त्याने पोत्याच्या पांढऱ्या धाग्याने पाच चुंग बांधून दाखवले. चेनबाबू एका गाठीशी पाव तास झटला. नखं झाली, दात झाले.

"बिसाहू, माँ का हाथ काँपता है. दाँत नहीं है. और काटेगी तो वो मर के भी नहीं."

बिसाहू ताट तसंच ठेवून उठून गेला. मला वाटलं, झालं, आता हा पाय ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो नवी गाठ घेऊन आला. गावाकडे बैल खुंट्याला बांधतात ती. बैलाने ओढली तर आवळते, माणसाने दोराची मोकळी शेपटी ओढली तर एका झटक्यात सुटते. त्याने चुंग माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, आँख मूंदो. बाएँ हाथ से खोलो. अब हाथ कँपाओ."

मी भरल्या मेसमध्ये डोळे मिटून हात थरथरवत बसले. गाठ सुटली. त्याने ती मला सात वेळा सोडायला लावली. मग चार तास उकळत्या पाण्यात तीसपैकी एकही चुंग फुटला नाही. मीठ मी टाकलं होतं.

थर्माकोलचा डबा मिळाला तो मासळी बाजारातला. शेठजींना वास आला. त्यांनी डब्यात काय आहे ते विचारलं, कोणासाठी ते विचारलं, आणि स्वतःच्या गाडीने स्टेशनवर पोचवला.

*

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. चेनबाबूने स्पीकर लावला. बहीण सांगत होती, आईने डबा उघडला. कोणाला हात लावू दिला नाही. शेपटी ओढली, गाठ सुटली. दीड चुंग खाल्ला. म्हणाली, मीठ कमी. मग आत जाऊन झोपली.

"पसंद आया कि नहीं?" चेनबाबूने विचारलं.

"पता नहीं. बात ही नहीं करती."

"मीठ कमी म्हंजे नापास," सेवकराम म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं सांगायचं तर वाईट मलाच वाटलं होतं.

पुढे तीन आठवडे चेनबाबू फोन करायचा आणि आई फोनवर यायची नाही. मग एका दुपारी हावड्याच्या गाडीने बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आला. तो आम्ही बाकावरच उघडला. आत दोरे, धुतलेले, एकेक वेगळा गुंडाळलेला. फुलवंताने ते ओळीत मांडले. तीस आमचे, पोत्याचे पांढरे. त्यापुढे आणखी, जुने, चहाच्या रंगाचे, तिच्या घरचे.

बिसाहूने बोट ठेवून मोजले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"चालीस," तो म्हणाला.

डब्याच्या तळाशी कागदाची एक पुडी होती. चेनबाबूने ती उघडली, जिभेला लावून पाहिली आणि माझ्यासमोर ठेवली. मीठ होतं.