पाणी बदललंय

गेल्या मंगळवारपर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नव्हती. बायकोलाही माहीत नव्हती — आणि तिच्यापासून मी काही लपवू शकतो यावर ती स्वतःच विश्वास ठेवणार नाही. माझ्या शर्टाच्या खिशातली तंबाखूची पुडी ती लांबून ओळखते. पण ही पुडी तिला सापडली नाही. मी ती फार खोल ठेवली होती.

आता तुम्हाला सांगतो. सगळं एका दमात सांगता येईलसं वाटत नाही, थोडा आडवळणानं जाईन. चालेल ना?

मी आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वायरमन होतो. कारखान्याचं नाव कशाला हवं? त्याचा यात काही दोष नाही. बोलायचं आहे ते कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधल्या एका काचेच्या पेटीबद्दल. चेअरमनसाहेबांच्या मुलाला समुद्राचं वेड लागलं होतं. बीड जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राचं वेड! आमच्याकडं तळं भरलं तरी माणसं पोराबाळांसकट बघायला जातात. तर या मुलानं पुण्याहून कारागीर आणून भिंतीएवढी पेटी बसवून घेतली. आत खारं पाणी, रंगीत मासे आणि प्रवाळ. हिरवं, जांभळं, तपकिरी, काही तर बोटं हलवल्यासारखं हलणारं. दिसायला दगड, पण जिवंत. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर जगतं आणि प्रवाळाला जगवतं. हे मला त्या पुण्याच्या कारागिरानं समजावून सांगितलं होतं. नीट समजावलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण मला माहीत नव्हतं असं मी पुढं म्हणू नये.

गावोगावची माणसं पेटी बघायला यायची. "चेअरमननं दर्या आणला, आता तेवढा पाऊसबी आणा म्हणावं," असं म्हणायची आणि हसायची. ते वर्षच तसं होतं. दिवाळीच्या आधीच टँकर सुरू झाले होते, विहिरींचे तळ दिसत होते, आणि ऊस चाऱ्याला जातोय की गाळपाला राहतोय याचीच चर्चा चालायची.

पेटीच्या पाण्याचं काम सुदामकडं होतं. सुदाम आधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. उसाच्या रसात तरंगती काचेची नळी सोडून गोडी मोजायचा. तसलीच एक नळी या पेटीसाठीही होती, खारेपणा मोजायची. मुलानं म्हणूनच त्याला निवडलं. दर सोमवारी सुदाम पेटीतलं दोन बादल्या पाणी काढायचा, गेस्ट हाऊसच्या मशीनचं गाळलेलं पाणी घेऊन त्यात मोजून मीठ विरघळवायचा, नळी सोडून बघायचा, परत बघायचा, आणि मग हळूहळू आत ओतायचा. या कामाला तो 'पाणी बदलणं' म्हणायचा. आम्ही सगळेच म्हणायचो. "आज सोमवार, पाणी बदलायचंय" — एवढं साधं.

प्रवाळाला तो झाडं म्हणायचा. वयानं माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला 'वायरमनसाहेब' म्हणायचा. तो बौद्ध वस्तीतला, मी पाटलाच्या भावकीतला. कसं ठरलं होतं हे? ठरवलं कुणीच नव्हतं — ते होतंच.

उजेडाचं काम माझ्याकडं. पेटीवर लाकडी झाकण, त्यात चार ट्यूब — दोन पांढऱ्या, दोन निळ्या. ट्यूबची एक खोड असते. ती जळत राहते, तुम्हाला वाटतं ठीक आहे, पण तिचं सत्त्व महिन्यामहिन्यानं उतरत असतं. वर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून मिठाचा थर बसतो. झाकणाच्या आत उष्णता कोंडते, त्यानंही उजेड घटतो. वर्ष उलटून गेलं होतं, पेटी अंधारल्यासारखी दिसायला लागली होती.

अशात गाळप हंगामाचा बॉयलर पेटवण्याचा कार्यक्रम ठरला. मंत्री येणार होते. चेअरमनसाहेब मला म्हणाले, पेटी लखलखली पाहिजे. मुलगा तेव्हा परदेशी गेलेला. मी पुण्याच्या कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, ट्यूब एकदम सगळ्या बदलू नका. एक बदला, पंधरा दिवस थांबा, मग दुसरी. परावर्तक बसवणार असाल तर ट्यूब वर उचला आणि तास कमी करा. अंधाराची सवय झालेल्या जिवाला एकदम ऊन दाखवू नका.

मी "हो हो" म्हणालो. कार्यक्रमाला आठ दिवस होते.

आणि खरं सांगू? मला माझी करामत दाखवायची होती. नुसत्या ट्यूब बदलायला काय, कुणीही बदलतं. मी चारही नव्या ट्यूब आणल्या, जुने चोक काढून इलेक्ट्रॉनिक चोक बसवले. वर्कशॉपमधून स्टीलच्या पत्र्याचे तुकडे घेतले, आरशासारखे घासले, प्रत्येक ट्यूबच्या पाठीमागं पन्हाळीसारखे वाकवून बसवले, म्हणजे वर वाया जाणारा उजेड खाली पडेल. हवा खेळायला छोटा पंखा लावला. काम देखणं झालं होतं, हे आजही म्हणेन. बटण दाबलं तेव्हा सुदामनं डोळ्यांवर आडवा हात धरला. तो म्हणाला, "लई झालं का वो, वायरमनसाहेब? झाडास्नी सोसंल का?"

मी म्हणालो, "तू पाणी बघ."

तिसऱ्या दिवशी प्रवाळाचा रंग उडायला लागला. पाचव्या दिवशी जांभळं फिकट झालं, तपकिरी पांढरं. मला कळत होतं. दोन ट्यूब बंद केल्या तर बहुतेक वाचलं असतं. पण मग पेटी पुन्हा अंधारी, आणि कार्यक्रम उंबरठ्यावर. मी ट्यूब चालूच ठेवल्या. कार्यक्रमाच्या दिवशी पेटीतलं सगळं चुन्यानं सारवल्यासारखं पांढरं होतं. मंत्र्यांनी बराच वेळ बघितलं आणि ते म्हणाले, वा, संगमरवर! सगळ्यांनी माना डोलावल्या. चेअरमनसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मेलेल्या जिवांसमोर उभा राहून मी शाबासकी घेतली — हसू येतं ना? मलाही तेव्हा आत कुठंतरी आलं होतं.

त्यानंतर आठवडाभरात पेटीला वास यायला लागला.

आता येतो त्या जागेवर. इथं आलो की आजवर मी नेहमी मागं फिरायचो.

गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये चेअरमनसाहेब, तीनचार संचालक, मी. साहेब चिडले होते. मुलगा फोनवर विचारतोय, काय सांगू त्याला? माझ्याकडं वळून म्हणाले, "कशानं झालं रे हे? उजेडानं तर नाही?"

मी म्हणालो, "साहेब, पाणी बदललंय."

बघा — खोटं काय आहे यात? सोमवार होऊन गेला होता. पाणी बदललं होतंच. इतकी वर्षं मी याच एका वाक्याच्या आड लपून बसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं स्वतःला हज्जारदा बजावलं. पण माझ्या आवाजाचा हेल मला माहीत होता. ज्या दुष्काळात मशीनच्या गोड पाण्याचा एक हंडा म्हणजे सोनं, तिथं 'पाणी बदललंय' याचा अर्थ काय लागेल, हेही मला माहीत होतं.

तसाच लागला. सुदामला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "तू पेटीचं पाणी बदललंस?"

"व्हय साहेब," सुदाम म्हणाला, "म्याच बदललं की."

त्याला वाटलं, कामाबद्दल विचारतायत. थोडा अभिमानानंच म्हणाला. झालं! एक संचालक म्हणाले, मशीनचं पाणी घरला नेलं असणार आणि पेटीत टँकरचं ओतलं असणार. दुसरे म्हणाले, बघा, कबूलच करतोय. सुदाम याच्याकडं त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याच्या बटणाकडं बघत होतो.

आमच्या भावकीतला कुणी त्याच्या जागी असता, तर निदान कुणीतरी दुसरा प्रश्न विचारला असता. नळी आणा, मोजा, म्हटलं असतं. सुदामला कुणी विचारलं नाही. त्याच्या आज्याच्या काळी पाणी वरून ओंजळीत ओतायचे, त्यानं पोहऱ्याला हात लावायचा नाही. त्या हॉलमध्ये हे कुणी बोललं नाही, पण 'याच्या हातानं पाणी बिघडलं' हे सगळ्यांना किती पटकन पटलं! मला ते दिसलं. आणि मला — सांगायला जीभ रेटत नाही — मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

त्याच दिवशी सुदामची नोकरी गेली. पेटी रिकामी केली, मुलाचं वेड दुसरीकडं गेलं. सुदामला मात्र 'पाणीचोर' हे नाव चिकटलं. त्याच्या गावात टँकर आला की त्याची बायको कमल रांगेत उभी राहायची आणि बाया म्हणायच्या, "तुला गं काय करायचंय पाणी? तुझ्या घरी मशीनचं हाय." हे मला आमच्या वॉचमननं हसत हसत सांगितलं. मीही हसलो असेन.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस होते. एका सकाळी कडा गावच्या फाट्यावर मी चहा पीत होतो, समोरून ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, माणसं. त्यात सुदाम आणि कमल. ज्या हातानं तो काचेची नळी धरायचा त्या हातात आता कोयता. त्यानं मला हात केला, नेहमीसारखाच. मी हाताऐवजी चहाचा कप उचलला आणि तोंडापुढं धरला. चेहरा झाकायला कपाएवढी वस्तूही पुरते.

पुढं मी निवृत्त झालो. जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायचं छोटं दुकान टाकलं. गेल्या मंगळवारी शिरूर कासारच्या बाजूच्या एका खेड्यातून गिरणीवाल्याचा फोन आला, मोटार बंद पडलीय, दळणं खोळंबलीत. गेलो. गिरणीपुढं डबे ठेवून दहाबारा माणसं बसलेली. मोटार खोलली, आणि मागून आवाज आला, "वायरमनसाहेब, वळखलं का?"

सुदाम. केस पांढरे, पाठीत वाकलेला. शेजारी बाजरीचा डबा घेऊन कमल. मला वाटलं आता तो सगळं काढणार. काढावं, असंही वाटलं. पण त्यानं काय विचारलं असेल? म्हणाला, "येक इचारायचं राहूनच गेलं. ती झाडं कशानं मेली असतील वो? म्या लई इचार केला. मीठ तर मोजूनच घातलं व्हतं. कदी वाटतं, त्या सोमवारी नळी नीट बघितली नसंल. माज्याच हातून गेली बिचारी."

ऐकलंत? चोरीचा आळ त्यानं कधीच झटकून टाकला होता. पण त्या जिवांचं पाप — ते तो इतकी वर्षं स्वतःवर घेऊन बसला होता. कोयता चालवतानासुद्धा नळीच आठवत असेल का? मी चोरीच्या आळाचाच विचार करत राहिलो होतो. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

हातातला पाना खाली ठेवला आणि सांगितलं. सगळ्यांसमोर. चार ट्यूब एकदम बदलल्या, पत्रे लावले, पुण्याच्या माणसानं बजावलं होतं तरी. उजेडानं मेली. साहेबांना मी मुद्दाम तसं म्हणालो. "तुम्ही नाही मारली," मी म्हणालो. सुदामला 'तुम्ही' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तो म्हणाला, "म्हंजी पाणी बरुबर व्हतं?"

"बरोबर होतं."

"मीठ बी?"

"मीठही."

तो कमलकडं वळला. "ऐकलंस का? पाणी बरुबर व्हतं!" आणि हसला. असा हसला की मला बघवेना आणि नजरही हटवता येईना.

कमल हसली नाही. ती मला म्हणाली, "मंग तवाच कावून न्हाई बोललात?"

"भ्यालो," मी म्हणालो.

ती डब्याचं झाकण घट्ट लावत राहिली. मी पुन्हा मोटारीला लागलो. अंग हलकं झालं होतं. इतका हलकेपणा माझ्या वाट्याचा आहे का, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारणारही नाही. आला तो घेतला.

दुपारी गिरणी सुरू झाली. मी सामान आवरून निघालो तेव्हा नवीन माणसं दळण घेऊन येत होती आणि सुदाम त्यांना पहिल्यापासून सांगत होता — मीठ किती, पाणी किती, नळी कशी बघायची. झाडं कुणी मारली हे सांगताना त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. अगदी बरोबर घेतलं.