चाचणीचे साठ बाक

माझे सासरे सरकारी लाकूडकारखान्यात हेडमिस्त्री होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातचा एकही नग नापास झाला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत, सांगायला बाकीचे होते. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे लहानसा गुण्या ठेवत, काटकोन तपासायचा. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चहाला हात लावायच्या आधी त्यांनी तो आमच्या दाराच्या चौकटीला लावला आणि म्हणाले, "एक सूत बाहेर आहे." मला लावला नाही, म्हणून लग्न जमलं.

मी मास्तर. कारखान्याची मागची भिंत तीच आमच्या सरकारी शाळेची पुढची भिंत. कारखान्यात टेबलं, कपाटं, फिरत्या खुर्च्या तयार व्हायच्या आणि ट्रकमधून आमच्या फाटकासमोरून साहेबलोकांच्या कचेऱ्यांकडे जायच्या. आमची मुलं जमिनीवर बसून ती मिरवणूक बघायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमास्तरीण, दरवर्षी बाकांसाठी अर्ज करत. दरवर्षी उत्तर यायचं की निधी उपलब्ध नाही, योग्य वेळी विचार केला जाईल. एका वर्षी उत्तराऐवजी आमचाच अर्ज परत आला, त्यावर कपाच्या बुडाचा गोल डाग. बाई म्हणाल्या, "चला, कुणाच्या टेबलावर तरी पोचला."

मग एका मित्रदेशात महापूर आला. तिथल्या शाळा वाहून गेल्या आणि आमच्या सरकारनं चारशे बाक भेट द्यायचं ठरवलं. मंत्रीमहोदय रेडिओवर बोलले. सगळ्या शाळांनी ऐकावं असं पत्रक होतं, म्हणून मी वर्गात रेडिओ लावला. "जगातलं एकही मूल जमिनीवर बसता कामा नये," मंत्रीमहोदय म्हणाले. माझ्या वर्गातल्या अठ्ठावन्न मुलांनी जमिनीवर बसून टाळ्या वाजवल्या. मुलं गुणी होती, टाळ्या वाजवायची सवय आम्हीच लावली होती.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांकडे तणतणत गेलो. "घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा! मामा, आमच्या भिंतीपलीकडे चारशे बाक होणार आणि ते जाणार समुद्रापार!"

ते पटाशीला धार लावत होते. "पूर काय त्या पोरांनी आणला का, मास्तर? त्यांनी का बसावं जमिनीवर?"

"मग आपल्या पोरांनी का बसावं?"

"त्याचा कागद माझ्याकडे आला नाही. आला की करीन."

स्वारी खुशीत होती. बाक तिथं नेऊन जोडून द्यायला हेडमिस्त्री जाणार होते, तेही विमानानं. निवृत्तीला पाच महिने उरले होते. जन्मात जिल्ह्याबाहेर न गेलेल्या माणसानं चाकांची नवी बॅग आणली आणि कपाटावर अशी ठेवली की दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसावी. एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "विमानात गुण्या नेऊ देतात का हो?" मी म्हटलं, चौकशी करतो.

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. ती मिस्त्रींची एकुलती एक मुलगी. आमच्याच शाळेत शिकली, वर्गात पहिली यायची. पण शालान्त परीक्षेचं केंद्र तेव्हाही बावीस किलोमीटरवर होतं आणि पुराच्या वर्षीही तिथंच होतं, कारण ज्या शाळेत साठ बाक नाहीत तिला केंद्र मिळत नाही, असा मंडळाचा नियम. पुराच्या अठरा वर्षं आधी ती फॉर्मवर सही मागायला कारखान्याच्या दारात उभी राहिली. मिस्त्री कुठल्याशा साहेबांच्या टेबलाला रंधा मारत होते. "एवढ्या लांब रोज कोण नेणार? पुढच्या वर्षी बघू," असं ते मान वर न करता म्हणाले. पुढच्या वर्षी तिचं माझ्याशी लग्न झालं. म्हणजे गावाला शिकवणाऱ्या मास्तराची बायको परीक्षेला न बसलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मीही सतरा वर्षं गप्प बसलो, त्यामुळे सगळा दोष सासऱ्यांवर ढकलायची मला सोय नाही.

पुराच्या त्या वर्षी तिनं आम्हाला कुणाला न विचारता बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. फी भरल्यावर सांगितलं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला दर तीन तासांनी कुशीवर वळवावं लागे, आणि आई सुनेशिवाय कुणाला हात लावू देत नसे. बावीस किलोमीटरवरच्या केंद्रावर जायचं तर सकाळी सातची बस, परत यायला चार. "केंद्र इथं झालं तर बसेन," ती म्हणाली, "नाहीतर फी गेली समजायची." हे तिनं वडिलांसमोर सांगितलं. त्यांनी खिशातला गुण्या काढला, पुसला, परत ठेवला.

पंधरा दिवसांनी कारखान्याचं फाटक उघडलं आणि कामगार एकेक बाक उचलून आमच्या शाळेत आणू लागले. मोठ्या बाईंना वाटलं, पत्ता चुकला. मागून मिस्त्री कागद घेऊन आले. भेटीच्या बाकांच्या अटींमध्ये एक अट होती: नमुन्याचे बाक विद्यार्थी बसवून महिनाभर वापरून पाहावेत. नमुने किती, ते लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं अशा कामांत दोन नग ठेवायचे, त्यावर शिपायानं चार दिवस डबा खायचा आणि चाचणी पूर्ण झाली असं लिहायचं, ही रीत. मिस्त्रींनी नमुने ठरवले साठ.

"साठच का?" बाईंनी विचारलं.

"एवढे तपासले की मला झोप लागेल," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या दिवशी मुलं बाकांवर बसेनात. एकानं विचारलं, "सर, चपला काढून बसायचं का?" मी हसलो. मग वळून फळ्यावर उगाच तारीख लिहीत राहिलो, कारण डोळे भरून आले होते. मिस्त्री रोज दुपारी येत, वाकून प्रत्येक बाकाच्या सांध्याला गुण्या लावत. मुलांना दम होता, की बाकावर नाव कोरलं तर कान कोरीन.

मोठ्या बाईंनी त्याच आठवड्यात मंडळाला कळवलं. मंडळाचा माणूस आला, त्यानं बोट दाखवत साठ बाक मोजले आणि केंद्र मंजूर केलं. बाक कुणाचे, हे त्यानं विचारलं नाही. बाईंनीही आपणहून सांगितलं नाही.

परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. आधीच्या बुधवारी कारखान्यात आदेश आला: जहाज ठरल्यापेक्षा लवकर सुटतंय, चाचणीच्या बाकांसह चारशेच्या चारशे नग शुक्रवारी सकाळी ट्रकमध्ये चढवावेत. आमच्या सरकारचं काम आयुष्यात एकदाच वेळेआधी झालं, ते नेमकं तेव्हा.

मोठ्या बाई कारखान्याच्या साहेबांकडे धावल्या. फक्त दहा दिवस द्या म्हणाल्या. साहेबांनी कानावर हात ठेवले. "बाई, शिक्षण वेगळं खातं, परराष्ट्र वेगळं खातं. तुमची परीक्षा माझ्या खात्यात येत नाही." मी घरी येऊन सांगितलं. बायकोनं भूगोलाचं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि आईला कुशीवर वळवायला गेली. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी मिस्त्री शाळेत आले. वर्ग रिकामे होते. ते एका बाकावर बसले, मला समोर बसवलं आणि तपासणीचा फॉर्म काढला. माल पास करायची सही त्यांची, नापास करायचीही त्यांचीच. नापासाची जागा त्यांनी बत्तीस वर्षांत कधी भरली नव्हती, म्हणून तिथं काय लिहायचं असतं तेही त्यांना नीटसं माहीत नव्हतं.

"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. पण हे मलाच लिहायला हवं. फक्त शब्द सांगा. चौकट काटकोनात नाही, हे सरकारी भाषेत कसं म्हणतात?"

मला कळायला एक क्षण लागला. "मामा, हे खोटं आहे. तुमच्या हातचा बाक आणि सदोष? विमानाचं काय? निरोपाच्या समारंभाचं काय?"

"शब्द सांगा."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "ती दारात उभी होती तेव्हा मी मान वर केली नाही, मास्तर. त्या टेबलाचा पाय कसा बसवला तेसुद्धा आठवतंय मला. तिचं तोंड आठवत नाही. शब्द सांगा."

मी शब्द सांगितले. साठ नग सदोष, सांधे काटकोनात नाहीत, सबब अस्वीकृत. प्रत्येक शब्द त्यांनी मला परत विचारून लिहिला. सही मात्र नेहमीसारखी केली.

शुक्रवारी ट्रक तीनशे चाळीस बाक घेऊन गेले. साठ बाक जागच्या जागी राहिले, कारण नियम असा की अस्वीकृत मालाची चौकशी होईपर्यंत तो जिथं असेल तिथून हलवायचा नाही. मोठ्या बाईंना धाकधूक होती. "मिस्त्री, सदोष बाकांवर परीक्षा चालेल का हो? मोडले तर?"

"बाई, हत्ती बसवा."

सोमवारी माझी बायको सोळा वर्षांच्या पोरींच्या रांगेत परीक्षेला गेली. मिस्त्री फाटकाबाहेर तीन तास उभे होते. ती बाहेर आली, तिला माझ्या आईकडे जायची घाई होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बाक हलला का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीवर त्यांचं आपसात झालेलं सगळं बोलणं एवढंच.

पुढं जे व्हायचं ते झालं. सदोष कामाची शिक्षा म्हणून मिस्त्रींना साठ बाक सुट्टीच्या दिवशी, बिनमजुरीनं नव्यानं करायला लावले. ते त्यांनी एका शब्दानं कुरकुर न करता केले. "त्या पोरांचे साठ राहिलेत," म्हणायचे. दोन महिन्यांनी ते बाकही जहाजावर चढले. निरोपाचा समारंभ झाला नाही. विमानानं साहेब गेले. साहेबांना खिळा सरळ ठोकता येत नाही, पण फोटो छान आला. चाकांची बॅग माझ्या मुलीनं वह्या ठेवायला घेतली. बायको पास झाली. मिस्त्रींनी तिची गुणपत्रिका फ्रेम करायला नेली आणि फ्रेमचे चारही कोपरे दहादा तपासले.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणतात. आमच्या चौकशीला दोन वर्षं लागली. तोवर दोन तुकड्या त्या बाकांवर बसून परीक्षा देऊन गेल्या. मग एक नवे साहेब आले, मिस्त्रींपेक्षा मोठा गुण्या घेऊन. त्यांनी शाळेत दिवसभर साठच्या साठ बाक तपासले. कुठं केसाएवढी फट सापडेना. शेवटी निवृत्त मिस्त्रींना घरून बोलावून घेतलं.

"मिस्त्री, तुम्हीच लिहिलंय सदोष म्हणून. मला तर काही दिसत नाही. दोष आहे तरी कुठं?"

मिस्त्रींनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला. "आहे, साहेब. वीस वर्षं जुना दोष आहे. लाकडात सापडायचा नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारात काढून ठेवलेल्या मुलांच्या चपलांकडे पाहिलं. त्यांना काय समजलं, मला ठाऊक नाही. त्यांनी बराच वेळ लिहिलं आणि कागद मोठ्या बाईंच्या हातात दिला. दोषाचे स्वरूप अद्याप निश्चित झालेले नाही, सबब चौकशी चालू ठेवावी, तोपर्यंत बाक जागेवरून हलवू नयेत.

साहेब गेल्यावर मिस्त्रींनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.