नाल्याखालची मरळ

मासा हातात घेतला की ती आधी अंगठ्यानं त्याचा कल्ला उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायची. "बघा, कुकवागत लाल! खोटं आसंल तर ह्या बाईला नदीत बुडवा." बुडवणार कसं? ती पाण्यात उतरली की कृष्णामाई बाजूला सरून वाट देते, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

आमचं गाव कराड आणि सांगलीच्या मधलं, नदीकाठचं. माझं औषधांचं दुकान आणि दुकानाच्या कट्ट्याखाली तिची पाटी. मी जैन, मासा मला फक्त राशीतला ठाऊक. पण तिच्या आरोळीनं माझ्या कपाटातल्या बाटल्या थरथरायच्या आणि निम्मी गिऱ्हाइकं त्या आरोळीमुळेच इकडे वळायची, म्हणून वासाबद्दल मी कधी ब्र काढला नाही. भोयाच्या घरातली, नवरा गेल्यापासून स्वतः जाळं फेकणारी. सारं गाव तिला मावशी म्हणायचं. तिचा राग आला तरी मावशीच म्हणायचं, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग गावाच्या वरच्या अंगाला औषधाचा कारखाना आला आणि त्याचा नाला नदीला मिळाला. तुम्हाला खोटं वाटेल, पण जाळ्यात आलेली मरळ तडफडेना. कूस बदलून झोपायची. माशांची मुंडकी खाऊन बाजारातली मांजरं एवढी शांत झाली, की उंदीर त्यांच्या शेपटीवरून ये-जा करायला लागले.

"आण्णा, पाण्यात तर काय दिसत न्हाई," तिनं एकदा विचारलं. "मग मासाच आसा का?"

"मावशी, पाण्यात असतं चिमूटभर. पण पाणी वाहून जातं, मासा तिथंच राहतो. रोज थोडं थोडं अंगात घेतो, ते त्याच्या काळजात, चरबीत साचत जातं. तसल्या बारक्या माशांवर मरळ जगते. म्हणजे त्यांचं साचलेलंही तिच्याच पोटात."

"आनी मरळ माझ्या पोटात," ती म्हणाली. "तुमच्या गोळीवर तारीक तरी आसती वो. मी माझ्या मरळीवर काय लिवू?"

त्या उन्हाळ्यात नाल्याखालचे मासे पोट वर करून तरंगले. ग्रामसभा भरली. कारखान्याचा मॅनेजर आला, पांढऱ्या शर्टावर एक सुरकुती नाही. माईक हातात घेऊन गोड आवाजात म्हणाला, "आमचं पाणी शुद्ध होऊनच बाहेर पडतं. हे भोई लोक मासे धरायला नदीत विषारी औषध टाकतात. त्यांना विचारा." गावानं माना डोलावल्या. चौकशी होईपर्यंत भोयांची जाळी नदीबाहेर, असं ठरलं.

मावशी ओरडली नाही. तिला न ओरडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि घाबरून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"आण्णा," ती शांतपणे म्हणाली, "त्येच्याच तोंडानं वदवून घीन. न्हाईतर भोयाची लेक न्हाई."

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की पहिल्या जाळ्याचा मासा काठावरच्या म्हसोबाला शिजतो. जो मानकरी असेल त्यानं पहिला घास घ्यायचा. तोवर गावात कुणी ताटाला हात लावत नाही. जाळी बंद असली तरी देवापुरतं एक जाळं गावानं सोडलं, ते मावशीचं. आणि त्या वर्षी मंडप कारखान्याचा, म्हणून मान मॅनेजरचा. फ्लेक्सवर म्हसोबापेक्षा त्याचाच फोटो मोठा.

मावशीनं कांदा-लसूण चटणी घालून असा रस्सा केला, की वासानं माझ्यासारख्या जैनाचं मन डळमळलं. देवा, क्षमा कर. तिनं ताट मॅनेजरपुढं ठेवलं आणि पदर सावरून म्हणाली, "घ्या सायेब. नाल्याच्या तोंडची मरळ हाय. तुमच्याच कारखान्याचं पिऊन वाढलीया, म्हंजे घरचंच लेकरू."

मॅनेजरचा हात ताटाजवळ जाऊन थांबला. "माझा... आज उपवास आहे."

"आज? आवं, आज रविवार. जाळी बंद व्हायच्या आदी दर रविवारी तुमचा डायवर यायचा की माझ्याकडं! 'सायबाला नाल्याच्या वरच्या डोहाचा मासा पायजे, खालचा अजिबात नको.' काय रं गड्या, खोटं हाय का?"

मांडवाच्या कडेला उभा असलेला ड्रायव्हर चपलेकडं बघायला लागला.

"साहेब, प्रसाद हाय," सरपंच म्हणाले. "एक घास घ्या. सगळी खोळंबल्यात."

"नाही, डॉक्टरांनी मला..."

"आमी नदीत इख टाकतो न्हवं?" मावशीचा आवाज आता चढला. पैलतीरावरचे बगळे उडाले. "मग वरच्या डोहात बी आमीच जाळं टाकतो. वरचा मासा तुमाला ग्वाड लागतो, आनी खालचा का न्हाई वो? सांगा की! समद्या गावाला सांगा!"

मॅनेजर उठला. घाईत चप्पलसुद्धा दुसऱ्याची घालून गेला. ताट तसंच राहिलं. सरपंचांनी ताटाकडं पाहिलं, मग आपल्या मांडीवरच्या नातीकडं पाहिलं, आणि रश्श्याची सगळी पातेली खड्ड्यात पुरायला सांगितली.

भोयांवरचा डाग पुसला गेला. जाळ्यांची बंदीही उठली. पण दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या पाटीपुढं माणूस फिरकेना. मासा कुठला का असेना, आता नदीचा मासा म्हटलं की बायका लेकरांना ओढून पुढं नेत. माश्या मात्र इमानानं यायच्या.

"मावशी, हे असं होईल हे कळलं नव्हतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"कळलं हुतं की." तिनं रिकामी पाटी पालथी घातली. "त्येचं त्वांड बंद करायला माझं दुकान बंद करावं लागलं. सस्तात पडलं, आण्णा." पण पाटीवर ठेवलेला हात तिनं बराच वेळ उचलला नाही.

अधिकारी आले, पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेले. नाला वाहायचा तसा वाहतोच आहे. मावशी मेढ्याकडं लेकीच्या घरी निघून गेली. जाताना तिनं नवऱ्याचं जाळं, शिशाच्या गोळ्यांसकट, कारखान्याच्या गेटावर असं गाठी मारून बांधलं, की आत जाणारी आणि बाहेर येणारी मोटार दोन्ही अडकल्या. गावात विळा मागितला तर गावातल्या साऱ्या विळ्यांच्या धारा त्याच दिवशी गेलेल्या.

शेवटी कारखान्याचा वॉचमन घाम पुसत माझ्या दुकानात आला. "अण्णा, एक ब्लेडचं पाकीट द्या."

माझ्या मागच्या फळीवर छतापर्यंत ब्लेडची पाकिटं होती. मी त्यांना पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "संपली."