एकतीस राहिला
"बाई घरी भांडी घासायला येते. इथे मिस म्हणायचं."

बोरीवलीची इंग्रजी शाळा, आठवीचा वर्ग, माझा तिसरा दिवस. एरवी मराठीचा एक शब्द न बोलणारी इंग्रजीची शिक्षिका एवढं वाक्य मात्र चोख मराठीत म्हणाली. वर्ग हसला. सातवीपर्यंत पालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकीला मी बाईच म्हणायचे. त्याहून आदराचा शब्द मला ठाऊक नव्हता. आणि माझी आई या शाळेसमोरच्याच सोसायटीत चार घरची भांडी घासायची. तिलाही सगळे बाईच म्हणायचे.

मग शिक्षिकेने माझं पुस्तक उचललं. अवघड शब्दांवर मी पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिले होते. नेबर. डॉटर. थॉट. अख्खा रविवार त्यात गेला होता. तिने खोडरबर पुढे केला. सगळ्यांसमोर उभी राहून मी पानन् पान खोडलं.

वाचन रोल नंबरप्रमाणे चालायचं, एकेकाला एक परिच्छेद. माझा नंबर एकतीस. त्या दिवसापासून तीसनंतर थेट बत्तीस. शेजारची मुलगी बाक बदलून गेली. डबा मी पाण्याच्या टाकीपाशी एकटीच खायचे. चार महिने त्या वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नाही. मीसुद्धा नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप रव गो. शाळेतून काढल्यानी तर?"

गप राहिले. पण घरी वहीत धडे उतरवायचे, वर उच्चार लिहायचे, झाकून वाचायचे. भिंतीला ऐकवायचे.

एक दिवस तीस बसला, बत्तीस उठायला लागला आणि माझं डोकं फिरलं. उभी राहिले.

"बाई, एकतीस राहिला."

"व्हॉट डिड यू से?"

"बाई म्हटलं. परिच्छेद माझा आहे. मी वाचणार."

वाचला. आयलंडला इस्लँड म्हणाले. खिदळले सगळे. ती "गेट आउट" म्हणाली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग बाहेर गेले. घंटा होईपर्यंत व्हरांड्यात उभी होते. सुट्टीत मुलं माझ्या शेजारून गेली. एकही थांबलं नाही.

आज घाटकोपरला माझं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. मोठे हॉटेलवाले इंग्रजी करार पुढे सरकवतात. "मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, सही करा." मी पेन्सिल काढते. अडलेल्या शब्दावर मराठीत उच्चार लिहिते, खाली अर्थ. ते घड्याळ बघतात. बघू देत. मी एक ओळ सोडत नाही. कितीतरी कलमं अशीच पकडून बदलून घेतलीत.

परवा एक सूटवाला हसत म्हणाला, "मॅडम, सही करण्याआधी हे पेन्सिलचं जरा खोडून टाका ना. बरं दिसत नाही."

मी करार त्याच्याकडे सरकवला.

"खोडणार नाही. सही याच्यावरच होईल. नको असेल तर दुसरं दुकान बघा."