लोणच्यातली पट्टी

मीराने हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा मी लिंबं चिरत होते. "आत्या, बाबा..." एवढंच ती बोलली. फोन ठेवल्यावरही माझे हात लिंबं चिरतच राहिले.

दादा, माझा थोरला भाऊ, इथे अमेरिकेत, नोव्हायला, गाड्यांच्या कारखान्यात धातूंचं काम करायचा. विजेवरची गाडी इथे कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा त्याने ती गॅरेजमध्ये बनवली. पहिल्यांदा देवळात नेली, तर येताना बर्फात बंद पडली. ढकलता ढकलता शेजारचे काका ओरडले, "अरे, घोडा जोड घोडा!" दादा आतून म्हणाला, "काका, तुम्ही आहात ना!"

पण त्याचा जीव अडकला होता मिश्रधातूत. कशानेही डागाळणार नाही असा धातू एकदा तरी आपल्या हातून व्हावा, एवढंच त्याला हवं होतं. नवी पट्टी झाली की तो ती माझ्या लिंबाच्या लोणच्यात खुपसायचा. "लॅबचं सोड. या खारातून वाचली तर कशातूनही वाचेल." महिन्यांनी काढायचा आणि गॅरेजच्या पायरीवर वाजवायचा. टण्! ती मला हाक असायची. "आले, दादा," म्हणत मी ती धुवायला तांब्या घेऊन जायचे. पट्टी काळीच निघायची. मग तो हसायचा, "लोणचं जिंकलं."

शेवटची पट्टी त्याने आजारपणात बुडवली. म्हणाला, "मी सांगेपर्यंत काढू नकोस." सांगायचं राहूनच गेलं...

आम्ही राहत होतो ते दादाचं घर आता विकायचं होतं. मीरा फ्रीज रिकामा करत होती.

"आत्या, हे लोणचं किती ओल्ड आहे! ट्रॅशमध्ये टाकू?"

या घरात मी कधी कुणाला नको म्हटलं नव्हतं. "नको," म्हटलं, "त्यात तुझ्या बाबांची पट्टी आहे."

तिने पट्टी बाहेर काढली आणि खार पुसत उजेडात बघायला गॅरेजकडे गेली. मी बरणीला झाकण लावत होते.

टण्!

"आले, दादा..." तांब्या भरून मी निघालेसुद्धा. दारात पोचले तेव्हा पायरीवर पट्टी वाजवून बघणारी मीरा दिसली.

"आत्या, कुणाशी बोललीस?"

 मी तिच्या हातातल्या पट्टीवर पाणी ओतलं. पट्टी चांदीसारखी लख्ख होती, कुठे डाग नाही. हे बघायला तोच नव्हता.

आता मी मीराकडे राहते. पट्टी माझ्या पातळाच्या घडीत गुंडाळून ठेवली आहे... कशाला लागून वाजू नये म्हणून.