आधी कार्तिक, मग चैत्र

केळशीकर सर जुन्या कागदांचं बासन सोडण्याआधी पायातल्या चपला काढत. विद्यापीठाच्या वर्गातही. मागच्या बाकांवर खसखस पिके, पण सरांना त्याचं काही नव्हतं. "आपण काय म्हणतो ते मागाहून," ते म्हणत, "आधी कागद काय म्हणतो?"

ठाणे-डोंबिवलीकडच्या आम्हा चार-पाच एम.ए.वाल्यांना ते रविवारी सकाळी कोपरीच्या घरी मोडी शिकवत. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. किरट्या अक्षरातला कागद ते वर्तमानपत्रासारखा वाचत आणि लिहिणारा कारकून कुठे कंटाळला होता, तेही सांगत. मी आ वासून ऐकत बसे. हा माणूस कधी चुकेल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

माझा प्रबंध खाडीकाठच्या मिठागरांवर होता. सरांच्याच ग्रंथाचा आधार घ्यायचा म्हणून मी त्यातले मूळ कागद काढून पाहिले. एका गावच्या आगऱ्यांनी चैत्रात सरकारी बांध फोडला, म्हणून कार्तिकात त्यांची साऱ्यातली सवलत गेली, असं सरांनी लिहिलं होतं. दोन्ही कागदांवर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरातलं वर्ष, एकच. पण हा सन बदलतो मृगाला, पावसाच्या तोंडावर. म्हणजे त्यात कार्तिक आधी येतो आणि चैत्र नंतर. सवलत आधी काढून घेतली होती, बांध मागाहून फुटला. गंमत अशी, की शुहूर सनाचा हा पहिला धडा आम्हाला सरांनीच दिला होता.

दोन रविवार मी ते टिपण पिशवीतून नेलं आणि तसंच परत आणलं. प्रबंधावर सही सरांची लागणार होती. सरांचं बिनसलं तर दोन वर्षं पाण्यात. तिसऱ्या रविवारी मन घट्ट करून कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चला."

कुठे, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तासभर चालून आम्ही खाडीकाठच्या त्याच गावात पोचलो. एक म्हातारा आगरी अंगणात जाळं विणत बसला होता. सरांनी त्याला नमस्कार केला आणि सरळ सांगितलं, की मी पुस्तकात तुमच्या पूर्वजांना विनाकारण दंगेखोर ठरवलं, चूक माझी आहे.

म्हाताऱ्याने हात थांबवला. "आमाना वाचाया येत नाय, मास्तर. पन सवलत आदी गेली, ह्या आमचा आजा सांगं. तुमी कवा इचारलाच नाय."

त्या मातीच्या अंगणात सरांनी पायातल्या चपला काढल्या आणि म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसले.

"आता विचारतो," ते म्हणाले.

माझ्या प्रबंधावर सरांनी सही केली, पण एका अटीवर. आधारांच्या यादीत त्या म्हाताऱ्याचं नाव त्यांच्या ग्रंथाच्या वर घालायचं.