घराच्या मागची दोन पानं

हे मी अजून कोणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, कॉलेजातल्या मित्रांजवळ नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की तुम्ही मध्येच थांबवून 'जाऊ दे रे' म्हणणार नाही, म्हणून?

मी लांज्याजवळच्या एका वाडीतला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. रत्नागिरीला कॉलेजात आहे, इतिहास घेतलाय. वडील अजूनही लोकांना सांगताना 'मोठ्या कॉलेजात' असं म्हणतात. हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात याचाही भाग आहे. नाही, चुकलो. याचा भाग नाही. ते मी केलं.

आमच्या वरच्या घरात तात्या राहायचे. तरुणपणी एअरफोर्समध्ये होते, म्हणून वाडी त्यांना 'इमानवाले तात्या' म्हणायची. मुलगा, सुरेशदादा, मुंबईला नोकरीला. इथे तात्या आणि काकी दोघंच. तात्यांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी विचारत नव्हतं. पितृपक्षात त्यांच्याकडे म्हाळ असला, की पितरांचं पान ठेवून झाल्यावर तात्या आणखी दोन पानं वाढून घ्यायचे आणि घराच्या मागे दगडी कुंपणावर, गडग्यावर, नेऊन ठेवायचे. एका पानावर द्रोणात सोलकढी. दुसऱ्यावर तुपाची धार जरा जास्त. मग लांब उभे राहून बघायचे. कावळे यायचे, पितरांच्या पानावर तुटून पडायचे. त्या दोन पानांकडे मात्र फिरकत नसत. गडग्याच्या त्या टोकाला मांजर बसत असेल, मला माहीत नाही. लहानपणी एकदा मी आईला विचारलं, ती पानं कोणाची? आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सरांनी स्पर्धेसाठी विषय दिला — आपल्या गावातला युद्धाचा साक्षीदार. मला साक्षीदार शोधावा लागणार नव्हता. मी मोबाईल घेऊन तात्यांच्या पडवीत जाऊन बसलो.

सुरुवातीला ते गमतीचं तेवढं सांगायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची स्क्वाड्रन वाळवंटातल्या एका तळावर होती. हलकी बाँबफेकी विमानं. आत माणसं दोनच, पायलट आणि त्याला वाट दाखवणारा नॅव्हिगेटर. दिवसभर विमानं जाळ्यांखाली झाकलेली, संध्याकाळ झाली की एकामागोमाग एक निघायची. जमिनीवरची पोरं बाँबवर खडूने आपापल्या गावाची नावं लिहायची. तात्यांनी 'लांजा' लिहिलं होतं. सांगताना हसले, म्हणाले, "आपला लांजा तिकडं पडला बघ जाऊन. हितं एसटी वेळेवर येत नव्हती, नि तिकडं बरोब्बर टायमात!"

मग एक दिवस हसले नाहीत. काकी खाली नळावर गेल्या होत्या. तात्यांनी मला पुढे सरकायला सांगितलं.

त्यांचं काम विमानाच्या अंगाचं — पत्रे, शेपटी, शेपटी हलवणाऱ्या तारा. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली असायची. काम संपलं की प्रत्येक खाच भरलेली दिसली पाहिजे. एक जरी रिकामी असली तर विमान सोडायचं नाही, कारण हत्यार आत राहिलं तर तारांमध्ये अडकतं. त्या संध्याकाळी घाई होती. शेपटीचं झाकण लावलं, विमान गेलं, आणि नंतर तात्यांनी पेटी बघितली तर स्क्रू-ड्रायव्हरची खाच रिकामी. बोलले असते तर वायरलेसवरून विमान परत बोलावता आलं असतं. तात्यांनी दुसऱ्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर आणून त्या खाचेत ठेवला.

ते विमान परत आलं नाही.

पायलट पंजाबचा, तुपाशिवाय घास न घेणारा. नॅव्हिगेटर मल्याळी, तात्यांच्या आईने पाठवलेली आमसुलं तो मागून मागून न्यायचा. आता कळलं ना, ती पानं कोणाची?

तात्यांनी हे काकींनाही सांगितलं नव्हतं. त्यांचं मागणं एकच होतं. नाव कुठे घालू नको, आणि जमलं तर शोध — त्या विमानाचं काय झालं? "माझ्यामुळं पडला, तर तसा सांग. मी ऐकेन. पन कळू दे." मी शब्द दिला. शब्द देताना मला खूप मोठं झाल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

सरांना मी नाव गाळून रेकॉर्डिंग ऐकवलं. सरांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. म्हणाले, हे सोनं आहे, याचा शेवट असाच उघडा ठेव, ऐकणाऱ्याला रात्रभर झोप यायला नको. त्यांनीच ओळखीतून पुण्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचा नंबर मिळवून दिला. ते त्याच स्क्वाड्रनमध्ये नॅव्हिगेटर होते.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी माझा फोन लागला. त्या विमानाचं विचारल्यावर साहेब सरळ बोलत गेले. त्यांचं विमान मागोमागच होतं. पुढच्याने बाँब बरोबर टाकले, हवं तसं वळण घेतलं, परतीला लागला, आणि खालच्या तोफेचा गोळा त्याच्या पंखाला लागला. साहेबांनी तो डोळ्यांनी पाहिला. शेपटीत काही अडकलं असतं तर? मी विचारलं. ते म्हणाले, "अरे, तसलं वळण त्याने घेतलंच नसतं. शेवटपर्यंत विमान हाताशी होतं त्याच्या, वायरलेसवर बोलत होता. त्यात कोणाचीही चूक नव्हती. कोण विचारतंय?" मी म्हटलं, असंच, अभ्यासासाठी.

फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं तसं. पण मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता माझ्या गोष्टीत काय उरलं? एका म्हाताऱ्याचा गैरसमज होता, तो दूर झाला. एवढंच? त्याला बक्षीस कोण देणार?

शनिवारी वाडीत गेलो. तात्या बेड्यातच, कुंपणाच्या फाटकापाशी, उभे होते. "लागला काय रे फोन पुण्याला?"

"नाय लागला, तात्या."

इतकं सोपं असतं ते. जीभसुद्धा अडखळत नाही. ठरवलं होतं, स्पर्धा झाली की सांगायचं. आठवड्याचाच प्रश्न. पन्नास वर्षं थांबलेल्या माणसाला आठवडा काय?

सभागृहात दिवे घालवून मी तात्यांचा आवाज लावला. खुर्चीसुद्धा वाजली नाही. खाच, स्क्रू-ड्रायव्हर, परत न आलेलं विमान. शेवट उघडा. पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला वडील रत्नागिरीला आले होते, पायात नवीन चपला घालून, आणि मला मिठी कशी मारायची ते त्यांना कळेना.

त्यानंतर सांगायला काय हरकत होती? सांगितलं असतं तर तात्यांनी विचारलं असतं, कधी कळलं तुला? सरांना कळलं असतं, वडिलांना कळलं असतं. मी वाडीत जाणं कमी केलं. गेलो तर खालच्या पाणंदीने जायचो. एकदा तात्यांनी गाठलंच. ते विचारण्याआधी मीच म्हणालो, "झालं बोलणं. त्यांना काही आठवत नाही म्हणाले." पुन्हा विचारू नये म्हणून म्हणालो.  तात्या हळूच म्हणाले, "आठवत नाय असा होयल कसा? म्हाईत असंल त्याला. मला सांगायचा धीर होत नसंल." आणि मान हलवत वर गेले, जसं काही उत्तर मिळालंच होतं.

मी त्यांना हाक मारली नाही.

उन्हाळ्यात तात्या गेले. दहाव्याला आम्ही सगळे नदीवर. पिंड ठेवले. पलीकडच्या आंब्यावर कावळे बसलेले, पुष्कळ. एकही खाली येईना. ऊन चढत गेलं. सुरेशदादा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला एकटीला नाय ठेवणार, मुंबईला नेईन." मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, मुंबईला नेतो बोलतोस म्हणून तर शिवत नाय! हितंच ठेवीन म्हण." त्याने तेही म्हटलं. आंब्याची कलमं विकणार नाही म्हणाला. घर शाकारीन म्हणाला. "एअरफोर्सचा माणूस तो," आमचा बाळूकाका म्हणाला, "ऑर्डर आल्याशिवाय उतरायचा नाय." थोडे हसले. सुरेशदादा हसला नाही. तो रडवेला होऊन माझ्याकडे वळला. "तू बसायचास ना रे त्यांच्याजवळ? तुला काय बोलले होते? काय राहिला होता त्यांचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आंब्यावरचेसुद्धा, असं मला वाटलं. माझा कावळ्यांवर विश्वास आहे का, विचारू नका. एवढंच माहीत आहे की काय बोलायचं ते त्या नदीवर फक्त मला ठाऊक होतं, आणि ते एका वाक्याचं होतं.

"नाय दादा," मी म्हणालो. "मला काय बोलले नाय."

भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परतताना सुरेशदादा सारखा म्हणत होता, माझ्यावर राग धरून गेले, मी गावी राहिलो नाही म्हणून गेले. अजूनही म्हणतो. मुंबईची नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. काकी सांगतात, त्याला नीट झोप लागत नाही. मी ऐकून घेतो.

या वर्षी म्हाळाला त्याने मला बोलावलं, बाबांचा लाडका म्हणून. काकींनी तात्यांचं पान ठेवलं, आणि मग, कोणाची ते ठाऊक नसतानाही, सवयीने ती दोन पानं वाढली. एकावर सोलकढी, दुसऱ्यावर जास्तीचं तूप. सुरेशदादा ती गडग्यावर ठेवून आला. आता तो लांब उभा राहून बघत होता, अगदी तात्यांसारखा, मान पुढे काढून.

आत मला आग्रह चालला होता. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. मी जेवलो. खीर दुसऱ्यांदा मागून घेतली.